थंड पाण्यातला बास

अमेरिकेतील टेक्सास राज्यात लेक फोर्क हा धरणाचा मोठा जलाशय आहे. मोठ्या तोंडाच्या बास माशासाठी तो प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात तो सहसा गोठत नाही, पण पाणी चांगलेच गारठते. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर उतरते. पचन मंदावते, भूक घटते आणि भक्ष्यामागे धावणे त्याला परवडत नाही. शॅड नावाचे लहान मासे खोल पाण्यात सरकतात, त्यांच्यामागे बासही जातो. बुडालेल्या झाडांजवळ किंवा जुन्या ओढ्याच्या काठाशी तो जवळजवळ स्थिर राहतो.

म्हणून या ऋतूत गळ टाकणाऱ्याला घाई सोडावी लागते. आमिष तळाशी जाऊ द्यायचे, किंचित हलवायचे आणि बराच वेळ तसेच ठेवायचे. मासा लागला तरी हिसका जाणवत नाही, दोरी फक्त जड लागते. ती जाणीव बोटांत मुरायला वर्षे लागतात, आणि या मासेमारीचा खरा कस तिथेच लागतो. याच जलाशयात जानेवारी १९९२ मध्ये सुमारे सव्वाआठ किलोचा बास मिळाला. टेक्सासमधला तो आजवरचा सर्वांत वजनदार बास आहे.

खोलातून भरकन वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि त्याला पुन्हा खाली जाता येत नाही. त्यामुळे त्याला ओल्या हातांनी धरून लवकर सोडणे महत्त्वाचे. लेक फोर्कवर १६ ते २४ इंच लांबीचा बास पाण्यात परत सोडणे नियमाने बंधनकारक आहे.