मोरीपलीकडचे पाणी

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे. ‘काडु’ म्हणजे कानडीत रान. रान केव्हाच गेले. काही जुनी झाडे आणि त्यांच्या बुंध्याशी मांडलेल्या नागशिळा तेवढ्या उरल्या आहेत. या देवळाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास बेंगळुरूची जहागीर मिळाली, पुढे ती व्यंकोजीराजांकडे आली, आणि मेदरनिंगनहळ्ळी हे गाव व्यंकोजींनी या देवाला दिल्याचे १६६९ चा शिलालेख सांगतो. देवळासमोर नंदीतीर्थ आहे. दगडी नंदीच्या मुखातून पाण्याची बारीक धार खालच्या शिवलिंगावर पडते आणि तेथून कल्याणीत, म्हणजे पायऱ्यांच्या चिरेबंदी कुंडात, जाते. दीर्घकाळ मातीखाली गेलेले हे तीर्थ १९९७ साली उकरून मोकळे केले गेले. वृषभावती नदीचा उगम येथलाच असे कोणी मानतात, कोणी तो बसवनगुडीच्या थोरल्या नंदीच्या पायाशी दाखवतात. नदीला नाव मिळाले ते नंदीवरूनच, याविषयी मात्र वाद नाही.

ही नदी पुढे म्हैसूर रस्त्याच्या कडेने वाहताना दिसते. तेथे ती काळी आहे, तिच्यावर फेस आहे, आणि वाहनातला माणूस नाकाला रुमाल लावून तिच्या शेजारून जातो. बेंगळुरूचे लोक तिला ‘केंगेरी मोरी’ म्हणतात. कानडीत मोरी म्हणजे गटार. आपल्या मराठीत मोरी म्हणजे घरातली हातपाय धुण्याची, भांडी विसळण्याची जागा. शब्द एकच, आपण त्याचे घरातले टोक धरले आहे आणि कानडीने बाहेरचे. या दोन टोकांच्या मधे काय आहे हे मला अनेक वर्षे विचारावेसेही वाटले नव्हते. ते विचारले माझ्या नातीने.

ती चौथीत आहे. शाळेने तिला ‘पाणी स्वच्छ ठेवा’ या विषयावर चित्र काढून आणायला सांगितले होते. तिने निळी नदी काढली, नदीत मासे काढले, काठावर कचरा टाकणारा एक दुष्ट मनुष्य काढला आणि त्याच्यावर लाल फुली मारली. चित्र संपवून ती उठली, रंगाची वाटी मोरीत ओतली, कुंचले नळाखाली धरले. निळे, लाल, हिरवे पाणी जाळीतून खाली गेले. ती ते पाहत होती. मग म्हणाली, “आजोबा, हे आता कुठं जातं?”

मी म्हणालो, “गटारात.”

“आणि गटार?”

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. पुढचे मला सांगता येत होते. पण सांगितले असते तर त्या चित्रातला फुलीचा मनुष्य कोण हेही सांगावे लागले असते.

मुलांना पाण्याच्या प्रदूषणाविषयी शिकवावे की नाही, हा आता प्रश्न राहिलेला नाही. १९७४ साली जलप्रदूषणाविरुद्ध कायदा झाला, १९७६ च्या घटनादुरुस्तीने नद्या व सरोवरे यांचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकवण्याचा आदेश दिला. तेव्हा शिकवणे चालू आहे. प्रश्न आहे तो शिकवणाराचा. ज्याच्या मोरीचे पाणी नदीत जाते, त्याने नदी स्वच्छ ठेवण्याचा पाठ द्यावा, यात नीतीचा कोठे तरी भंग होत नाही काय? आणि तो पाठ अशा मुलाला द्यावा, की ज्याने ही नळ-गटारांची रचना केली नाही, कारखान्याला परवाना दिला नाही, मतही दिले नाही? दात घासताना नळ बंद कर, असे आपण त्याला सांगतो. सांगावेच. परंतु ते ऐकून मुलाचा समज असा होतो की नदीचे भवितव्य त्याच्या नळाच्या चावीवर आहे. हा समज खोटा आहे, आणि खोटा आहे हे सांगणारा जाणतो. मोठ्यांनी स्वतःचे ऋण लहानांच्या नावावर चढवण्याचा हा एक सभ्य प्रकार आहे, असे मला वाटू लागले आहे.

आपल्या भाषेची यात आणखी एक अडचण आहे. ‘प्रदूषण’ हा शब्द मराठीत नवा. त्याच्या पुष्कळ आधीपासून आपल्याकडे पाणी ‘बाटत’ होते. माझ्या लहानपणी घरात सोवळ्याचे पाणी वेगळे असे. आम्हा पोरांचा हात त्या घागरीला लागला की ती ओतून दिली जाई. हात स्वच्छ होता की मळका हे कोणी पाहत नसे. ते पाणी जाई अंगणातून वाहत शेजाऱ्याच्या दारावरून, पण त्याचाही विचार कोणी करीत नसे. पाण्याच्या शुद्धतेचा माझा पहिला पाठ हा असा होता, आणि त्यात घाण या वस्तूला स्थानच नव्हते.

या पाठाचे पूर्ण रूप महाडला दिसले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी त्या तळ्याचे पाणी प्याले. ज्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, ते तळे त्या ओंजळींनी बाटले असे स्पृश्य समाजाने ठरवले, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी पाण्यात ओतून त्याची शुद्धी केली. पाण्याची तपासणी करणारा आजचा कोणी मनुष्य त्या वेळी काठावर असता, तर त्याने तळे कोणत्या क्षणी दूषित झाले म्हणून लिहिले असते? तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मुंबईच्या उच्च न्यायालयाने मान्य केला तो १९३७ मध्ये, दहा वर्षांनी.

मुलांना पाणी शिकवताना महाड कशाला, असे कोणी म्हणेल. मला ते टाळता येत नाही. ‘पाणी घाण करू नका’ हे वाक्य मराठीत उच्चारले की त्याच्या तळाशी तो जुना पाठ हलतो: घाण करणारा कोणी तरी दुसरा असतो, आणि तो आपल्याहून हलका असतो. नातीच्या चित्रातला दुष्ट मनुष्य अंगावर फाटके कपडे घालून का उभा होता? तिला ते कोणी सांगितले नव्हते. प्रत्यक्षात त्या वेषातला मनुष्य आपले तुंबलेले गटार मोकळे करायला येतो. हाताने मैला साफ करवून घेण्यास १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने बंदी केली, तरी गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरत आहेत. आणि ज्याच्या मोरीतून सर्वांत अधिक पाणी जाते, तो चांगले कपडे घालून वर्तमानपत्र वाचत असतो.

पावित्र्याचा दुसरा तोटा याच्या उलट बाजूचा आहे. जे पाणी सर्वांना पावन करते ते स्वतः कशाने मलिन होणार? या श्रद्धेमुळे आपण नदीत काहीही सोडायला मोकळे झालो. मल्लेश्वरमच्या लगतच सँकी तलाव आहे. कर्नल सँकी यांनी १८८२ साली तो बांधवला. गणेशविसर्जनाने त्या पाण्याचे हाल होऊ लागले, तेव्हा महानगरपालिकेने तलावाशेजारी विसर्जनासाठी वेगळे कुंड केले. उपाय चांगला आहे. मूर्ती शाडूची असेल तर अधिक चांगला. तरीही नंदीतीर्थाचे पाणी डोळ्यांना लावणारा मी, त्याच पाण्याच्या पुढच्या वाटेवर रुमाल काढतो, आणि या दोन कृतींत मला विसंगती वाटत नाही, ही गोष्ट कोणत्याही कुंडाने सुटत नाही.

तेव्हा शिकवायचे काय? माझे उत्तर साधे आहे: पाण्याची वाट शिकवावी. कोठून येते आणि कोठे जाते, एवढेच; पण ते सगळे, आपले घर न वगळता. बेंगळुरू उंचवट्यावर वसलेले शहर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर. येथे मोठी नदी नाही. आमच्या नळाला येणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून, जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवून आणावे लागते. ते १९७४ पासून येत आहे. जाताना मात्र त्याला पंपाची गरज नाही. उंचावर राहणाऱ्याचे सांडपाणी आपोआप दूर जाते, आणि जे आपोआप दूर जाते त्याला आपण स्वच्छता म्हणतो. शुद्धीकरणाची केंद्रे आहेत. तरी वृषभावतीचा रंग पाहिला की ती पुरत नाहीत हे कळते. शहराच्या पूर्वेकडच्या बेळ्ळंदूर तळ्यावर फेस साचून २०१५ नंतर अनेकदा आग लागली. पाणी पेटलेले पाहिल्यावर शहर थोडे दचकले. लंडनचेही असेच झाले होते. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत गेली तेव्हा कोठे गटारांसाठी पैसा मंजूर झाला, आणि त्या गटारांनीही आरंभी घाण शहराच्या खालच्या अंगाला नेऊन सोडली, इतकेच.

एका रविवारी मी नातीला भूगोलाच्या नकाशापुढे घेऊन बसलो. नंदीतीर्थापासून पेन्सिल धरली. म्हैसूर रस्ता, केंगेरी, मग बैरमंगलचा जलाशय. “तिथलं पाणी शेतांना जातं,” मी सांगितले. तिने विचारले, “ह्या पाण्यावर?” मी होय म्हणालो. पुढे वृषभावती अर्कावतीला मिळते, अर्कावती संगमला कावेरीला. आम्ही पिण्यासाठी कावेरी उपसतो ते या संगमाच्या वर, त्यामुळे आमचे सांडपाणी आमच्याच तोंडी येत नाही. तिने ते बोट ठेवून पाहिले. मग पेन्सिल मेट्टूरच्या धरणात गेली आणि तेथून त्रिभुज प्रदेशात, तंजावरपर्यंत.

तेथे मी थांबलो. काडु मल्लेश्वराला गाव देणारे व्यंकोजी पुढे तंजावरचे राजे झाले. बेंगळुरू सोडून ते ज्या वाटेने गेले असतील ती मला माहीत नाही, पण वृषभावतीचे पाणी गेली हजारो वर्षे तिकडेच जात आहे. त्यांच्या वंशजांनी जोपासलेल्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते आहेत. ती पाहायला आपण आदराने जातो. त्याच आपल्या माणसांकडे आपण रोज काय पाठवतो, हे कधी मनात आले नव्हते. अर्थात तंजावरला मराठी माणूस नसता तरी आपले वागणे योग्य ठरले नसते. परंतु मनुष्याला आपला नातेवाईक दिसल्याशिवाय शेजारी दिसत नाही, असे माझ्यापुरते तरी झाले.

हे सगळे नऊ वर्षांच्या मुलीला सांगावे काय, असे घरात मला विचारले गेले. तिच्या डोक्यावर ओझे कशाला? मी यावर बराच विचार केला. ओझे होते ते अपराधाचे. आणि अपराध तिचा नाही हे तिला स्पष्ट सांगता येते, जर तो माझा आहे हेही त्याच दमात सांगितले तर. स्वतःला वगळून शिकवणारा दांभिक ठरतो. स्वतःला धरून शिकवणारा निदान खोटे बोलत नाही. तिच्यासमोर मला थोडे लहान व्हावे लागले, एवढीच याची किंमत होती.

तिने चित्र पुन्हा काढले. दुष्ट मनुष्य गेला होता. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आमच्या घराची मोरी होती आणि तिच्यातून एक रेघ निघून गावांच्या नावांवरून खाली उतरत होती. घोषवाक्य नव्हते. रेघ कोणत्या रंगाने काढायची यावर तिचे अडले होते. मी निळा सुचवला. तिने मान हलवली आणि वरून निम्मी रेघ काळ्या रंगाने ओढून घेतली. उरलेली तशीच पेन्सिलीची ठेवली. कुंचला धुवायला ती उठली, मोरीपाशी गेली आणि वाटी हातात धरून उभी राहिली. “आता हे कुठं ओतू?” तिने विचारले. बागेत ओतावे तर रंगांत काय असते कोणास ठाऊक. मी डबीवरचा बारीक मजकूर वाचायला चष्मा शोधू लागलो.