वत्सगुल्मचे दान आणि वैराग्याचे रंग

आजचे वाशीम पाचव्या शतकात वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते आणि त्याच शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. तेथील शिलालेख या निवासाचे वर्णन करताना गवाक्षे आणि स्तंभ यांच्याबरोबर अप्सरांच्या प्रतिमांचाही गौरवाने उल्लेख करतो. संसार असार मानणाऱ्या भिक्षूंच्या घरात हे सौंदर्य कशासाठी, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

बौद्ध परंपरेलाही तो पडला होता. विनयपिटकातील, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथातील, चुल्लवग्ग हा भाग विहारात स्त्रीपुरुषांची चित्रे निषिद्ध ठरवून फक्त वेलबुट्टीला मुभा देतो. पुढे मूलसर्वास्तिवादी विनयाने मात्र जातककथा आणि भवचक्र, म्हणजे जन्ममरणाचे चाक, रंगवण्यास सांगितले. चित्र हे उपदेशाचे साधन आहे, असे त्याचे समर्थन करता येते आणि बाली बेटावरील चित्रपरंपरेला ते बरेचसे लागू पडते. क्लुंगकुंग येथील केर्ता गोसा या न्यायमंडपाच्या छतावर पंडू आणि माद्री यांना सोडवण्यासाठी यमलोकी गेलेला भीम दिसतो, आणि भोवती पाप्यांच्या यातना असल्याने पाहणाऱ्याला कर्मफळाची जरब बसते.

सोळाव्या लेण्यातील सुंदरीचे चित्र मात्र जरब बसवत नाही. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याने प्रव्रज्या, म्हणजे गृहत्यागाची दीक्षा, घेतल्यावर सेवक त्याचा मुकुट घेऊन येतो आणि तो पाहताच त्याची पत्नी कोसळते; तिची कललेली मान, निर्जीव झालेली बोटे आणि तिला सावरणारी दासी चित्रकाराने इतक्या मायेने रेखाटली आहेत की सहानुभूती निःसंशय तिच्याकडेच जाते. तरीही हे चित्र धर्माच्या विरोधात जात नाही, कारण तृष्णेतून दुःख उपजते हे बुद्धवचन येथे सिद्धांत म्हणून न येता एका स्त्रीच्या देहावर उमटते आणि नंदाने काय सोडले याचे मोल तिच्याच मूर्च्छेतून कळते. ज्या वैराग्याला मागे राहिलेल्याचे दुःख दिसत नाही ते निव्वळ कोरडेपण ठरेल. करुणेला आधी नीट पाहावे लागते, आणि ही दृष्टी या भिंतीने भिक्षूंना दिली.

शिलालेखाने दात्याचे नाव जपले, चित्रकाराचे नाही. परंतु या लेण्यातील धर्मचिंतनाचा मोठा वाटा त्या अनामिकाचाच मानला पाहिजे.