जेवलोय
लेक लंडनला उतरला. रात्रभराचं विमान. फोनवर म्हणाला, “पोचलो दादा. खोलीवर गरम जेवलोय.” पुण्यात दुपारचे साडेबारा, तिथं सकाळचे आठ. एवढ्या सकाळी कोण जेवतं? पण मी काही बोललो नाही.

१९८४ साली मीही सांगोल्याहून रातराणीनं पहाटे स्वारगेटला उतरलो होतो. नळाचं पाणी पिऊन दिवस काढला अन् आईला १५ पैशांचं कार्ड टाकलं : ‘पोचलो. जेवलो. काळजी नसावी.’ तिनं ते मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं म्हणे. तिलाही कळलंच असणार.

खोटं बोलणं पाप, असं तिनंच शिकवलेलं. मग मायेपोटीचं खोटं कुणाच्या खात्यावर मांडायचं? सांगणाऱ्याच्या, की ओळखून गप्प बसणाऱ्याच्या? मला वाटतं, निम्मं निम्मं.

लेकाला एवढंच म्हणालो, “बरं केलंस. आता झोप.”