तोलामोलाची जोड

भालकी, औराद, बसवकल्याण ह्या भागातल्या जत्रांत कुस्त्या असतात, आणि आपण बायका त्या लांबून, देवळाच्या ओट्यावरून पाहत आलो. डावपेच मला कधी फारसे कळले नाहीत. मला आवडायचं ते कुस्ती लागण्याआधीचं. पंच दोन पोरांना शेजारी शेजारी उभं करतात, खांदे बघतात, दंड चाचपतात, कुठल्या तालमीचा म्हणून विचारतात आणि मग जोड लावतात. जोड चुकली तर लोकच ओरडतात, "ए, ही जोड नव्हं!" लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर. मग रोख बक्षिसाच्या, आणि सगळ्यात शेवटी चांदीच्या कड्याची.

हल्ली घराघरातली मुलं फोनवर जे खेळतात तिथेही असेच पंच आहेत आणि अशीच जोड लागते. आपल्या भागात सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ते बीजीएमआयचं, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियाचं. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि २०२१ च्या जुलैत त्याचा हा भारतासाठीचा अवतार आला. शंभरेक जण विमानातून एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत जो टिकतो तो जिंकतो. बंदुकीचा खेळ जैन घरात कसा, हा प्रश्न तुमच्या ओठावर आलाच असेल. पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला तरी यशोधर राजाला आणि त्याच्या आईला किती जन्म फिरावं लागलं, ही जन्न कवीने कन्नडमध्ये सांगितलेली कथा आपल्या घरांत सगळ्यांना पाठ आहे. तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन. आज शिडीबद्दल.

ह्या खेळात ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस अशा पायऱ्या आहेत. सगळ्यात वर कॉन्करर, ती पहिल्या पाचशे जणांनाच मिळते. किती वेळ टिकलात, किती जणांना पाडलंत ह्यावर गुण वाढतात, लवकर बाद झालात की कमी होतात. आणि हंगाम संपला की सगळ्यांना काही पायऱ्या खाली उतरवून पुन्हा चढायला लावतात. पोरं तेव्हा कशी चिडतात ते ज्यांच्या घरात आहे त्यांना माहीत आहे.

गुणांवरून जोड लावायची ही कल्पना मुळात बुद्धिबळातली. आर्पाड एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकीला मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, आणि स्वतः चांगले बुद्धिबळ खेळणारे. त्यांनी बसवलेली गुणांची पद्धत १९६० मध्ये अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने घेतली आणि १९७० मध्ये जागतिक संघटनेने, फिडेने. तिचं मर्म एवढंच की प्रत्येक खेळाडूला एक आकडा द्यायचा आणि दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून निकालाचा आधीच अंदाज बांधायचा. आकडे सारखे असतील तर दोघांना निम्मी निम्मी आशा. दोनशेचा फरक असेल तर वरचा शंभरातले साधारण ७६ गुण घेईल, चारशेचा असेल तर ९१. मग खेळ झाला की अंदाजापेक्षा जेवढं वेगळं घडलं तेवढाच आकडा हलवायचा. चारशेने मोठ्या असलेल्याने लहानाला हरवलं तर त्याला जेमतेम दोन गुण मिळतात. लहानाने मोठ्याला हरवलं तर अठरा. हे मला फार आवडलं. दुबळ्याला मारून मोठेपण मिळवायची सोयच त्यात ठेवलेली नाही. (ह्या शिडीवर एकाचे वाढले तर दुसऱ्याचे कमी होतात, हे मात्र खरं. आपल्या चौदा गुणस्थानांचं तसं नाही, तिथे एक जीव चढला म्हणून दुसऱ्याला उतरावं लागत नाही.)

आकडा हा अंदाज असतो, निकाल नसतो, हे आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने दाखवून दिलं. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक झाला, त्यात क्रमवारीने ती पंधरावी होती. अंतिम फेरीत तिने कोनेरू हंपीला हरवलं आणि ग्रँडमास्टर होऊनच घरी आली. वय एकोणीस.

व्हिडिओ गेमवाल्यांनी हीच कल्पना आपापल्या परीने बदलून घेतली. पण एक भर टाकली. पुष्कळ खेळांत जोड लावायचा खरा आकडा पडद्याआड ठेवतात आणि मुलांना दाखवायला निराळा, रंगीत बिल्ला देतात. आतल्या आकड्याचं काम बरोबरीचा शोधून देण्याचं, बाहेरच्या बिल्ल्याचं काम हाव वाढवण्याचं. एकाच शिडीला ही दोन कामं दिली की भांडण होणारच.

हे सगळं मला शोधावं लागलं ते एका प्रश्नामुळे. माझ्या जावेचा मुलगा कलबुर्गीला इंजिनिअरिंगला आहे, खेळात चांगला तरबेज. कॉलेजातल्या एका पैसेवाल्या मुलाने त्याला सांगितलं, माझा आयडी घे, सुट्टीत क्राउनपर्यंत चढवून दे, दोन हजार देतो. घरात दोन तट पडले. एक म्हणे मुळात खेळच वाईट, दुसरा म्हणे तेवढीच पुस्तकं येतील. तो माझ्याकडे आला. "काकू, मेहनत माझी, पैसे त्याचे, दोघंबी राजी. ह्यात चोरी कुठं आहे, सांगा की."

कंपनीच्या नियमात बसत नाही, असं सांगून मोकळं होता आलं असतं. बहुतेक अशा खेळांत दुसऱ्याला आयडी देणं बसतच नाही. पण कंपनीचा नियम मोडणं आणि अणुव्रत मोडणं ह्या दोन गोष्टी एक नाहीत, आणि त्याने अणुव्रताचंच विचारलं होतं. मी म्हटलं, तुम्ही दोघं राजी, पण तिसरा कोण आहे ते बघ. खालच्या पायरीवरून तू चढायला लागशील तेव्हा तुझ्यासमोर येणारी पोरं सिल्व्हरची असतील, त्यांना वाटेल आपल्याला बरोबरीचा मिळाला. आणि तू चढवून दिल्यावर तो मुलगा क्राउनच्या खेळात उतरेल, तेव्हा त्याच्या चमूतले तिघं त्याच्या भरवशावर राहतील. ह्या कुणाला तुम्ही विचारलं नाही. आयडीवरचा आकडा बांगड्यांसारखा आपल्या मालकीचा दागिना नसतो. न पाहिलेल्या माणसाला आपण दिलेला तो शब्द असतो.

तो गप्प बसणारा नाही. म्हणाला, मग हंगाम बदलला की कंपनी आम्हाला खाली ढकलते, तेव्हा मोठी पोरं लहानांत येतातच की. शिवाय खालच्या पायऱ्यांवर यंत्राने चालवलेले खोटे खेळाडू सोडतात, नव्या माणसाला जिंकल्यासारखं वाटावं म्हणून, ते काय? पहिल्याचं उत्तर सोपं होतं. हंगामाची उतरण सगळ्यांना सांगून होते, जत्रेतला पंच भोंग्यावर बोलतो तशी. दुसऱ्याला मी हो म्हटलं. हरायला पाठवलेला खोटा खेळाडू हेही कपटच आहे, आणि कंपनीने केलं म्हणून ते धुऊन निघत नाही.

क्रोध, मान, माया, लोभ ह्या चार कषायांत मायेकडे आपलं सगळ्यात कमी लक्ष जातं. क्रोध दिसतो, मान दिसतो, लोभ शेजारणीला तरी दिसतो. माया एक शब्दही खोटा न बोलता करता येते. दशलक्षणात तिसऱ्या दिवशी आपण उत्तम आर्जव म्हणतो, मनात तेच वाणीत आणि तेच कृतीत, आणि दुपारी बायोडाटा लिहायला बसतो.

कारण स्थळं जुळवणं म्हणजे तरी काय? तोलामोलाची जोड. वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत वय दोन वर्षांनी उतरतं, पॅकेज चढतं, पुण्यातला फ्लॅट 'स्वतःचा' असतो आणि त्यावरचं वीस वर्षांचं कर्ज कुठेच नसतं. ह्याला कुणी कपट म्हणत नाही, थोडं वाढवून सांगावं लागतं म्हणतात. एका मैत्रिणीचं म्हणणं मात्र मला सहज झटकता येत नाही. सगळेच वाढवून लिहितात, वाचणाराही मनातल्या मनात कापूनच वाचतो, मग खरं लिहिणाऱ्याच्या मुलीचं दोनदा कापलं जातं. तिचं बरोबर आहे. खोटे आकडे सगळीकडे पसरले की खऱ्या आकड्यालाच तोटा होतो. पण वाढवून लिहिलेल्या आकड्यावर जी जोड लागते ती पुढे रोज त्या घरात राहायची असते, आणि राहायचं मुलीला असतं.

पुतण्याने ते दोन हजाराचं काम घेतलं की नाही, मी विचारलं नाही. भाचीचा बायोडाटा मात्र माझ्याकडे आला होता. पगाराच्या रकान्यात मी कापून हातात येतो तोच आकडा लिहिला, आणि बाजूला तसं लिहिलंही. तिच्या आईला तो फार कमी वाटला. मेळाव्यानंतर दोन स्थळांचे फोन आले. त्यातल्या एका मुलाच्या आईने विचारलं, तुम्ही असं का लिहिलंत? मी कारण सांगितलं. त्यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, मग आमच्या फ्लॅटचं पण सांगते.