अकरा कोरे रकाने

उन्हाळ्यात साडूंकडे आयपीएलचा सामना बघत बसलो होतो. मध्येच कुठल्याशा संघाचा विमानप्रवास दाखवला. कानात बोंडं घातलेले खेळाडू, खिडकीबाहेर ढग. साडूंच्या नऊ वर्षांच्या नातवाने विचारलं, “आजोबा, यांचं विमान पडलं तर उद्याची मॅच कोण खेळणार?” स्वयंपाकघरातून लगेच आवाज आला, “शुभ बोल रे नाऱ्या! वास्तू तथास्तु म्हणत असते.” पोरगं ओशाळलं. साडूंनी मात्र रिमोट खाली ठेवला. त्यांची हयात विम्यात गेलेली. मृत्यू, अपंगत्व, भरपाई हे शब्द त्यांच्या तोंडी वरणभातासारखे. म्हणाले, “प्रश्न अगदी रास्त आहे. अमेरिकेत याचा नियम लिहून ठेवलाय.”

आणि तो त्यांनी सांगितलाही. एनबीएमध्ये अपघातात एखाद्या संघाचे पाच किंवा जास्त खेळाडू गेले, तर बाकीच्या संघांनी आपापले पाच-पाच राखून ठेवायचे आणि उरलेल्यांतून त्या संघाने भरती करायची. अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी तर आकडा घालून दिलाय: पंधरापेक्षा कमी गेले तर अर्धी आपत्ती, पंधरा किंवा अधिक गेले तर पुरी.

मला शिसारी आली. तसं बोललोही. साडू म्हणाले, “तुम्हाला शिसारी येते ती कलम वाचून. अपघाताने यायला हवी.”

घरी येईपर्यंत मला उत्तर सुचलं होतं (मला ती नेहमी रिक्षात सुचतात). जागा भरणं वेगळं आणि जागा राखणं वेगळं. कारकून निवृत्त झाला की जागा भरतात. पंगतीला कुणी यायचं असेल तर पान राखतात. अमेरिकेचा नियम जागा भरण्याचा आहे आणि माणूस गेल्यावर जागा राखायची असते, असं माझं म्हणणं. दृष्टान्तही हाताशी होता.

4 मे 1949. लिस्बनहून मैत्रीपूर्ण सामना खेळून परतणारं तोरिनोचं विमान तुरीनजवळच्या सुपरगा टेकडीवर, बॅसिलिकेच्या मागच्या भिंतीवर आदळलं. 31 जण गेले, त्यांत 18 खेळाडू. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक राहिलेल्या वित्तोरियो पोत्सोंनी एकेकाची ओळख पटवली. त्यातले बरेच त्यांनीच राष्ट्रीय संघात खेळवलेले. लीगचे चार सामने उरले होते. तोरिनोने युवा संघातली पोरं उतरवली, आणि समोरच्या जेनोआ, पालेर्मो, सांपदोरिया, फिओरेंतिना या चौघांनीही आपापली पोरंच उतरवली. चारही सामने तोरिनोने जिंकले, विजेतेपद त्यांचंच राहिलं. जागा राखणं ते हे, कलमाविना.

दुसरा दाखला 2016 चा. ब्राझीलमधल्या शापेको या छोट्या शहराचा शापेकोएन्से हा क्लब कोपा सुदामेरिकानाच्या अंतिम सामन्यासाठी निघाला आणि मेडेलिनजवळ इंधन संपून त्यांचं विमान कोसळलं; 71 मृत्युमुखी. ज्यांच्याशी सामना व्हायचा होता त्या अ‍ॅत्लेतिको नासिओनालनेच मागणी केली, की कप त्यांना द्या. आठवड्याभरात तो दिला गेला. लीगचा शेवटचा सामना शापेकोएन्सेने खेळायचा होता अ‍ॅत्लेतिको मिनेइरोशी. दोन्ही संघ आलेच नाहीत, दोघांच्याही खात्यात हार लागली. वॉकओव्हर दोघांविरुद्ध दिलेला मी तरी दुसरा ऐकला नाही.

पुढच्या रविवारी हे सगळं घेऊन साडूंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या ऐकण्याची मला जरा भीतीच वाटते. मग विचारलं, “त्या वेळी तोरिनो कितव्या नंबरावर होता?”

पहिल्या. चार गुणांनी पुढे.

“आणि शेवटून दुसरा असता तर?”

मी म्हटलं, तरीही खेळले असते पोरं उतरवून. म्हटलं खरं, पण खात्री नव्हती. समोरच्या चौघांतला एखादा स्वतः खाली घसरायच्या बेतात असता, तर त्याने मोठे खेळाडू बाकावर बसवले असते का? साडू म्हणाले, “चांगुलपणा प्रतिस्पर्धी कोण यावर अवलंबून असेल तर त्याला लॉटरी म्हणतात. विमा लॉटरीच्या उलट असतो.” आणि त्या विजेतेपदानंतर तोरिनोचं काय झालं? दहा वर्षांत खालच्या विभागात. पुढचं विजेतेपद 1976 मध्ये, 27 वर्षांनी. मुकुट राखला गेला. ज्या डोक्यांवर तो बसायचा, त्यांचा विचार कुणी केला नव्हता.

इथे मला थोडं आडवाटेने जायचंय. आमच्या चाळीत कुणी गेलं की त्या घरची चूल पेटत नसे. स्मशानातून मंडळी परतायच्या आत शेजारच्या खोलीतून पिठलं-भाताचं पातेलं आलेलं असे, वर झाकण, झाकणावर ओला पंचा. पुढचे दिवस कुणी कुठून डबा द्यायचा हे बायकांत जिन्यावरच ठरे. आईला मी एकदा विचारलं होतं, “त्यांना विचारलंस का, काय हवंय?” ती म्हणाली, “असल्या दिवसांत विचारायचं नसतं रे. विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं.” एकदा समोरच्या काकूंनी पातेलं तसंच परत पाठवलं. कुणी रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीतून गेलंच.

हे आठवलं आणि माझीच पंचाईत झाली. कारण सुतक हा नियमच की. दिवस मोजलेले, कुणी काय आणायचं ते ठरलेलं. त्याची मला कधी शिसारी आली नाही.

म्युनिकची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: 6 फेब्रुवारी 1958, धावपट्टीवरचं ओलं बर्फ, उड्डाणाचा तिसरा प्रयत्न, 23 मृत्यू, त्यांत मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू. मला त्यातला पुढचा भाग खुपतो. व्यवस्थापक मॅट बझ्बी जर्मनीत मरणाच्या दारात. मागे उरलेला सहायक जिमी मर्फी अंत्ययात्रांना जातोय आणि त्याच आठवड्यात खेळाडूही शोधतोय. एफए कपात एका क्लबकडून खेळलेल्याला त्या हंगामात दुसऱ्याकडून खेळता येत नसे. स्टॅन क्राउदरसाठी तो नियम शिथिल केला, तोही ऐन सामन्याच्या तोंडावर. युरोपच्या संघटनेने पुढच्या हंगामात युनायटेडला युरोपियन कपाचं खास निमंत्रण दिलं, तर इंग्लंडच्याच फुटबॉल अधिकाऱ्यांनी ते नाकारलं. संघ विजेता नाही, मग कसा जाईल? म्हणजे नियम होतेच. फक्त दुखवट्यासाठी एकही नव्हता, आणि म्हणून प्रत्येक गोष्ट मर्फीला मागावी लागत होती.

हे साडूंपुढे कबूल करणं जड गेलं, पण केलं: नियम आधी लिहिलेला हवा. त्यांना वाटलं, ते जिंकले. पुरते नाहीत. त्यांचा नियम म्हणतो, दहा संघांतले दहा खेळाडू उचला आणि पुढच्या मंगळवारी खेळा. मला हवाय तो नियम पातेल्यासारखा. आणणाऱ्याला बांधणारा, घरच्यांना मोकळं सोडणारा. सामने आपोआप थांबावेत. पगार, खालच्या विभागात जाण्यापासून संरक्षण, उसने खेळाडू हे सगळं न मागता दारात यावं. आणि परत पाठवता यावं.

परत पाठवलेलं आहे. रशियन आइस हॉकीतल्या लोकोमोतिव यारोस्लाव्हलचं विमान 7 सप्टेंबर 2011 ला कोसळलं. त्या संध्याकाळी चालू असलेला लीगचा सामना अर्ध्यात थांबवला गेला. इतर संघांतून खेळाडू देऊन संघ उभा करायची लीगची तयारी होती. क्लब नको म्हणाला. तो हंगाम सोडला, डिसेंबरपासून खालच्या लीगमध्ये तरण्या पोरांना घेऊन खेळला आणि 2012 मध्ये आपल्या जागी परतला. ब्राझीलच्या क्लबांनी शापेकोएन्सेला तीन वर्षं खाली न घसरण्याची सवलत सुचवली होती. त्यांनीही ती नाकारली. 2019 मध्ये ते खाली गेले. “बघा,” साडू म्हणाले. मी बघितलं. इतरांसारखेच हरून गेले होते. सवलतीवर टिकलेल्या संघाला हरवल्याचा आनंद कुणाला मोकळेपणी झाला असता का?

“मग जागा भरायची की राखायची, ते सांगा,” साडू म्हणाले. तिथे मी जरा अडलोय. म्युनिकनंतरचा पहिला सामना बरोबर तेरा दिवसांनी झाला, शेफील्ड वेन्सडेविरुद्ध. त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या बाजूला अकरा रकाने कोरे छापले होते. लोक त्याला श्रद्धांजली समजतात. कारण साधं होतं: छपाईला जाईपर्यंत मर्फीलाच ठाऊक नव्हतं, कोण खेळणार ते. त्या कोऱ्या रकान्यांतलं शेवटचं नाव शे ब्रेननचं होतं. राखीव संघातला पोरगा, पहिलाच मोठा सामना. त्याने दोन गोल केले, युनायटेड 3–0 ने जिंकलं. दहा वर्षांनी, 1968 मध्ये, युरोपियन कप जिंकणाऱ्या युनायटेडच्या बचावफळीत तो होता.