मापकाची परीक्षा

मोडलेली वस्तू दुरुस्त करणे हे निखळ सत्कर्म आहे, अशी आमची अनेक वर्षे समजूत होती. फेकून देण्याजोग्या वस्तूला पुन्हा कामास लावावे आणि गरजू माणसाचे चार पैसे वाचवावेत, यात वाईट ते काय असणार? पण एका प्रसंगाने या समजुतीला तडा गेला. दुरुस्ती करणारा नेमका कशाला जबाबदार असतो, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनातून गेलेला नाही.

आमच्या नगर शहराचे नाव २०२४ साली अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. तेथे सावेडीतील आमच्या घराच्या मागच्या खोलीत एक लाकडी टेबल आहे. त्यावर सोल्डरिंगची इस्त्री, भिंग, स्क्रूड्रायव्हरांचा संच आणि एक जुना ऑसिलोस्कोप असतो. पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणारे गावात पुष्कळ आहेत. आमच्याकडे येतात ती मोजमापाची यंत्रे, म्हणजे वायरमनचे मल्टिमीटर, टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांचे ऑसिलोस्कोप आणि एखाद्या आय.टी.आय.च्या विद्यार्थ्याने मित्राकडून मागून आणलेला मीटर.

एकाच मीटरने विद्युतदाब, प्रवाह व रोध मोजावा, ही कल्पना १९२३ साली ब्रिटिश टपाल खात्यातील डोनाल्ड मकेडी या अभियंत्याच्या यंत्राने रूढ केली. ॲम्पिअर, व्होल्ट व ओहम यांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘ॲव्हो’ हे नाव मिळाले. आपल्याकडे नाशिक रोडच्या मोटवाने कंपनीचे काट्याचे मीटर कित्येक वायरमनांच्या पिशवीत असत. अशा मीटरच्या आत चुंबकाच्या खोबणीत तारेचे एक नाजूक वेटोळे असते. त्यातून प्रवाह गेला की ते वळते आणि त्याबरोबर काटा सरकतो. घाईत प्रवाहाच्या रेंजवर ठेवलेला मीटर कोणी थेट मेन लाइनला लावला, तर आतले रोध जळून जातात. विसरून राहिलेला सेल पाझरला, तर पट्ट्या गंजतात. सिलेक्टर स्विचच्या संपर्कबिंदूंवर काजळी धरली, तर एक रेंज नीट चालते आणि शेजारची चालत नाही. यातले बहुतेक दोष हाताला सवय असलेल्या माणसाला तासाभरात दूर करता येतात.

अडचण पुढेच आहे. पंखा बिघडला तर तो फिरत नाही आणि हे लहान मुलालाही दिसते. मोजणारे यंत्र बिघडले तरी त्याचा काटा कुठेतरी स्थिर होतोच, आणि पाहणारा त्यावर विश्वास ठेवतो. मग मीटर खरा की खोटा, हे कशाने ठरवायचे? दुसऱ्या मीटरने, म्हणावे तर त्या दुसऱ्याची हमी कोण देणार? पूर्वी प्रयोगशाळांत यासाठी वेस्टन सेल ठेवत. एडवर्ड वेस्टनने १८९३ साली तयार केलेला हा सेल सुमारे १.०१८ व्होल्टचा दाब वर्षानुवर्षे जवळजवळ जसाच्या तसा देई. आज देशाची प्रमाण मापे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळली जातात. तेथून खाली एकाने दुसऱ्याशी ताडून पाहावे, अशी ही साखळी आहे. या साखळीत स्वतःच स्वतःची साक्ष देण्याची मुभा कोणालाच नाही.

हे सारे आम्हाला ठाऊक होते, आणि तरीही पुढची गोष्ट घडली. सन २००६ चा उन्हाळा होता. भारनियमनामुळे सायंकाळी तासन्‌तास वीज नसे. नेप्तीकडचा एक तरुण वायरमन आपला मीटर नेण्यासाठी आला. दुसऱ्या दिवशी त्याला एका मळ्यात विहिरीवरचा पंप पाहायचा होता. आम्ही मीटरमधील गंजलेल्या पट्ट्या बदलल्या होत्या. सेल लावून डी.सी. रेंज पाहिली, रोधाची रेंजही पाहिली. ए.सी.ची रेंज पाहायला वीज नव्हती. थांब म्हणायचा संकोच वाटला. “झालं आहे,” असे म्हणून आम्ही मीटर त्याच्या हाती दिला.

ए.सी.च्या मोठ्या रेंजला जोडलेला रोध आतून तुटलेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने मळ्यातला मेन स्विच पाडला, पण त्यातले एक पाते जागीच चिकटून राहिले. त्याने स्टार्टरमधील प्रत्येक तार अर्थिंगशी लावून मोजली. काटा शून्यावरून हलला नाही. त्याने हात घातला. झटक्याने तो मागे फेकला गेला म्हणून वाचला. दोन बोटे मात्र भाजली.

तिसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून तो आमच्या दारात उभा राहिला. आवाजात राग नव्हता. त्याने एवढेच विचारले, “काका, देताना एसीवर लावून पाहिलं होतं ना?”

आम्ही “हो” म्हणालो. “नंतर कुठे आपटला असेल,” असेही म्हणालो. त्याने मान डोलावली आणि तो गेला. तो मीटर टेबलावर तसाच राहिला. रात्री उघडून पाहिला, तेव्हा तुटलेला रोध सापडला. आमचे शब्द त्या काट्यासारखेच होते, दिसायला ठाम आणि आतून तुटलेले. निष्काळजीपणाने त्याची दोन बोटे भाजली होती. आमच्या उत्तराने तर आपलीच चूक झाली, असे त्याला वाटायला लावले होते. दुसरा अपराध पहिल्याहून मोठा होता.

सकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि खरे ते सांगितले. त्याची आई चहा ठेवत होती. तिचे हात थांबले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, तपासलं नव्हतं एवढं त्या दिवशी सांगितलं असतं, तर मी घरी लावून पाहिलं असतं.”

पन्नास-शंभर रुपये घेणाऱ्या घरगुती कारागिराने राष्ट्रीय प्रयोगशाळेची जबाबदारी कशी पेलावी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ती जबाबदारी त्याला पेलवणार नाही आणि कोणी ती मागतही नाही. त्या तरुणाने सर्वज्ञता मागितली नव्हती. आपले ज्ञान कुठे संपते, तेवढे सांगावे, ही त्याची मागणी होती. ती गरिबातल्या गरीब कारागिरालाही पुरी करता येते. तिला पैसा लागत नाही. थोडा कमीपणा मात्र पत्करावा लागतो, आणि नेमका तोच आपल्याला जड जातो.

अनुभवी वायरमनांचा एक नियम आहे. बंद तार तपासण्यापूर्वी मीटर एखाद्या चालू सॉकेटला लावून पाहावा, मग ती तार मोजावी आणि पुन्हा मीटर त्याच सॉकेटला लावावा. मोजण्याच्या आधी व नंतर मापकाचीच परीक्षा घ्यायची. दुसऱ्याविषयी निर्णय देताना हा नियम आपण पाळतो का? मुलाला रागावण्यापूर्वी, शेजाऱ्याला दोष देण्यापूर्वी आपलीच सदसद्विवेकबुद्धी ठीक चालते आहे ना, हे आपण कोणत्या सॉकेटला लावून पाहतो?

त्या दिवसापासून आमच्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक मीटरच्या पाठीवर कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली असते. कोणत्या रेंज तपासल्या आणि कोणत्या तपासल्या नाहीत, हे तीवर लिहिलेले असते. काही गिऱ्हाइके ती वाचून हसतात. एकदा एकाने तर मीटर परत नेऊन दुसऱ्याकडे दिला. नेप्तीचा तो वायरमन अजूनही आमच्याकडेच येतो. मीटर हातात घेतला की आधी उलटा करतो आणि चिठ्ठी वाचतो.