संघ कोणाचा?



खेळाचा संघ कोणाचा असतो? मालकाचा, की त्याच्यावर जीव लावणाऱ्यांचा? २००७ साली पुणे एफसी सुरू झाला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये त्याने दुसरा क्रमांक मिळवला आणि २०१५ मध्ये तो लीगबाहेर पडला. २०१४ साली आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला. ज्याने पैसा घातला त्याने थांबवला, हे व्यवहाराला धरूनच आहे. पण बालेवाडीत घसा बसेपर्यंत ओरडलेल्या मुलांचा त्यात काहीच वाटा नव्हता काय?

अर्जेंटिनात १९०८ साली सालेशियन धर्मगुरू फादर लोरेन्झो मासा यांनी रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांना चर्चचे आवार मोकळे करून दिले. अट एवढीच, रविवारी मिस्साला यायचे. त्यातून सान लोरेन्झो हा क्लब उभा राहिला. तो सभासदांचा आहे. दिवंगत पोप फ्रान्सिसही त्याचे सभासद होते. १९७९ साली मैदान गेले, १९८१ साली संघ खालच्या श्रेणीत घसरला. लोकांनी साथ सोडली नाही. १९८२ साली संघ पुन्हा वर आला.

म्हणजे नुसता जीव लावून हक्क मिळत नाही. वर्गणी भरावी लागते, पडत्या काळात उभे राहावे लागते. कसब्याच्या बोळांत चेंडू खेळणाऱ्या मुलांना आपण हाकलतो, की जागा देतो? आपलेपणाची सुरुवात तिथूनच होते.